पटल्याशिवाय

“थांबा,” गर्दीतून एक बाई म्हणाली, आणि मी हातातली कांडी तशीच धरून थांबले.

आमच्या नाटकात हे चालायचंच. खरं तर त्यासाठीच ते नाटक होतं. इचलकरंजीच्या गल्ल्यांतून आमचं ‘ओसरी’ पथक एक वीस मिनिटांचा खेळ करायचं. त्यात सगुणा नावाची बाई घरात बसून यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरत असते, म्हणजे लहान नळ्यांवर सूत गुंडाळत असते. तिला घराबाहेर पडायचं असतं. कधी दवाखान्यात, कधी बायकांच्या सभेला. गल्लीगणिक कारण बदलायचं. दारात सासू उभी असते. दार म्हणजे जमिनीवर ओढलेली रांगोळीची एक रेघ. सगुणा विनवते, रडते, चिडते, पण सासू हलत नाही आणि खेळ संपतो. मग हेरवाडे सर पुढे येऊन सांगायचे, की आता हेच आम्ही पुन्हा करतो. सगुणानं इथं वेगळं काहीतरी बोलायला हवं होतं असं ज्या बाईला वाटेल तिनं ‘थांबा’ म्हणावं, पुढे यावं, सगुणाच्या हातातली कांड्यांची टोपली, आमच्याकडची बुट्टी, घ्यावी आणि स्वतःच सगुणा व्हावं.

सासूचं काम करणारीला एकच नियम होता. पटल्याशिवाय सरायचं नाही. समोरची रडते म्हणून सरायचं नाही, लोक टाळ्या वाजवतात म्हणून तर मुळीच नाही. पण पटलं, की त्याच क्षणी रेघेवरून बाजूला व्हायचं, मग प्रवेश कितीही रंगात आलेला असो. सर हा नियम शपथ घातल्यासारखा सांगायचे. बाकी नाटकात चुका चालतील, म्हणायचे, पण इथं खोटेपणा केला तर त्या बाईला आपण फसवलं.

सगुणा मी होते. नऊ वर्षं मीच होते. कॉलेजात असताना कोल्हापूरच्या स्पर्धांत मला दोनदा रौप्यपदक मिळालं होतं. लग्न होऊन इचलकरंजीला आले तेव्हा रंगमंच सुटला म्हणून वर्षभर घुसमटले, आणि मग हेरवाडे सर भेटले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी हे खेळ करायचे. रंगमंच नाही, पडदा नाही, पण समोर शंभर-दीडशे बायका असायच्या आणि मी रडले की त्या रडायच्या. आणखी काय हवं?

तर त्या दिवशी ‘थांबा’ म्हणणारी बाई पुढे आली. तिशीची, काटकुळी, पदर खोचलेला. माझ्या हातातली बुट्टी घेण्याआधी तिनं माझी बोटं धरली.

“सूत असं चिमटीत धरत न्हाईत, बाई. बोट चिरून निघंल,” ती म्हणाली आणि स्वतःचा हात उघडून दाखवला. तर्जनीवर बारीक काळ्या रेघांचं जाळं झालेलं होतं.

सगळी गल्ली हसली. वाईट कुणीच हसलं नाही, उलट प्रेमानंच हसल्या बायका. पण नऊ वर्षं मी चुकीच्या बोटांनी कांडी भरत होते आणि नऊ वर्षं समोरच्या प्रत्येकीला ते दिसत होतं, हे मला त्या हसण्यात कळलं. मी हसून बुट्टी दिली. माझी पदकं चांदीची होती आणि ती बाई सूत कातावं तसं बोलत होती, न तुटता. पाच मिनिटांत सासू झालेला आमचा दिलावर रेघेवरून सरला. तो नंतर म्हणाला, काय करू ताई, पटलं.

ती मालन खवरे. पुढच्या तालमीला सर तिला घेऊनच आले.

आधी ती मागं बसायची. मग घोळक्यातलं एक काम करायला लागली. मला ‘इंदूताई’ म्हणायची, माझी साडी नीट करून द्यायची, माझं बोलणं तोंड उघडं ठेवून ऐकायची. मी तिला श्वास कुठं घ्यायचा ते शिकवलं, पाठमोरं होऊन बोलायचं नाही हे शिकवलं. मनापासून शिकवलं, खोटं कशाला सांगू. जोवर ती शिकत होती तोवर मला ती फार आवडायची.

चार महिन्यांनी सर मला चहाला बोलावून म्हणाले, “इंदू, आता तू सासू कर. तुझ्यासारखी ताकदीची नटी समोर असली तरच मालनचा कस लागेल.”

ताकदीची नटी, हे दोन शब्द त्यांनी मला साखर लावून दिले होते. मी ते गिळले आणि घरी येऊन नवऱ्याशी अकारण भांडले.

त्यानंतर मला जे होत गेलं त्याला मी तेव्हा नाव द्यायला तयार नव्हते. आता देते. मी जळत होते. ती दारातून आली की जळायचे, तिच्या नावानं कुणी चौकशी केली की जळायचे. एका पेपरात आमच्या खेळाचा फोटो आला. त्यात मालन मध्यभागी होती आणि कडेला माझं कोपर. कोपर तसं छान आलं होतं. मी ते कात्रण सगळ्यांना कौतुकानं दाखवलं आणि नंतर चुलीत घालता आलं नाही, कारण घरी गॅस होता, म्हणून ते पुस्तकात दडपून ठेवलं. तिचा वाईटपणा शोधायचा मी जिवाचं रान करून प्रयत्न केला. पण ती बाई इतकी सरळ होती, की जळायलासुद्धा मला सोय ठेवली नव्हती.

तिच्या घरी मात्र पेपर येत नव्हता आणि खेळाचं काही ठाऊक नव्हतं. ती खेळ करते हे सासूला कळलं तर संपलंच, असं ती म्हणायची. घरी तिनं बायकांच्या गटाची मीटिंग असते म्हणून सांगितलं होतं. आमचा खेळ तिनं पहिल्यांदा बघितला तोही माल पोचवायला गेली असताना, दुसऱ्याच गल्लीत. सासू तानूबाई तिखट होती. नवरा पाळीवर जायचा आणि आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

एकदा शिरोळहून खेळ करून परत येताना एसटीत मालन माझ्या शेजारी बसली होती. खिडकीबाहेर ऊस मागे पडत होता. मध्येच ती म्हणाली, की तुम्हाला एक सांगतो ताई, कुणाला बोललेलो न्हाई. दोन वर्षांमागं तिची आई वारली. कुरुंदवाडहून निरोप आला तेव्हा ती कांड्या भरत होती आणि माल त्याच दिवशी द्यायचा होता. ती उठली तर तानूबाई दारात उभ्या राहिल्या. “मेलेली कुठं पळून जात न्हाई. बुट्टी भर, मग जा,” त्या म्हणाल्या. मालननं बुट्टी भरली. पोचली तेव्हा आईला नेलेलं होतं.

हे सांगताना ती रडली नाही. मी तिचा हात धरून ठेवला. तेवढा वेळ मला तिचा हेवा वाटला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मग ते पत्र आलं. पुण्याच्या एका संस्थेनं सरांना लिहिलं होतं, की तुमच्या पथकातली एक नटी सहा महिने आम्हाला द्या. ती अकरा जिल्ह्यांत फिरेल, गावोगावच्या बायकांना हा खेळ शिकवेल आणि त्यांची पथकं उभी करेल. पत्र वाचलं आणि मला वाटलं, आपण नऊ वर्षं ज्याची वाट बघत होतो ते हेच. मुलगा मोठा झाला होता, नवऱ्याची आडकाठी नव्हती. मी मनातल्या मनात बॅग भरून टाकली. कोणत्या साड्या न्यायच्या तेसुद्धा ठरवलं.

आठ दिवसांनी सर म्हणाले, की मालनला पाठवावं म्हणतोय. तिच्या घरचं काय ते बघावं लागेल, म्हणाले. मी म्हटलं, वा, फार छान निवड आहे.

आणि त्याच दमात म्हटलं, “सर, मग जायच्या आधी एक खेळ तिच्याच गल्लीत करू या. किती दिवस लपवणार?”

सरांना ती कल्पना इतकी आवडली, की ते उठून उभेच राहिले. कारण काय घ्यायचं याचा विचार चालला होता तेव्हा मीच सुचवलं, की सगुणाला आजारी आईला भेटायला माहेरी जायचं आहे असं करू. त्यात मी काय सुचवत होते ते सरांना कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं का? त्या वेळी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

मालन माझ्याकडे धावत आली. तुम्ही सरांना सांगा, म्हणाली, आमच्या गल्लीत नको. मी तिला पाणी दिलं, बसवलं.

“एकदा तोंड दाखवावंच लागणार, मालन,” मी म्हणाले. “भितीस कशाला? मी असणार आहे ना तुझ्यासमोर.”

तिचा माझ्यावर विश्वास होता. ती हो म्हणाली.

माग बंद असण्याचा वार होता. एरवी खटखटाटानं भरलेल्या त्या गल्लीत इतकी शांतता होती, की दिलावरनं ढोलकीवर थाप टाकली तेव्हा कुत्री दचकून उठली. बायका पटकुरं टाकून बसल्या. तानूबाई अगदी पुढे, काठी मांडीवर आडवी धरून बसल्या होत्या. सुनेचा खेळ आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मालन डोक्यावर पदर घेऊन आत आली तेव्हा सगळ्या गल्लीनं तानूबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

पहिल्यांदा खेळ नेहमीसारखा झाला. सगुणा अडली, सासू जिंकली. सरांनी सगळं समजावून सांगितलं आणि आम्ही दुसऱ्यांदा सुरू केलं. पण कुणी ‘थांबा’ म्हणेना. त्या दिवशी सगुणा बदलायची कुणाचीच हिंमत नव्हती, कारण ती सगुणा नव्हतीच, तानूबाईची मालन होती. मला वाटलं, आता ती अडखळेल. पाठ केलेलं कसंबसं म्हणेल. सरांना दिसेल.

मालननं बुट्टी खाली ठेवली. पाठ केलेलं काही म्हटलं नाही. माझ्यासमोर येऊन अगदी हळू, घरातल्या घरात बोलावं तशी बोलली.

“आत्ती, मी तुमच्यासंगट भांडत न्हाई. तुमच्याबी पायाला मी तेल लावतो. तसं आईच्या पायाला एकदा लावून येतो. मग ह्या घरातनं हलायचं नाव काढत न्हाई.”

मी रेघेवर उभी होते. पायाखालची रांगोळी जराशी फिसकटली. मी पाय सारखे केले, दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावल्यासारखे पसरले आणि म्हणाले,

“मेलेली कुठं पळून जात न्हाई. बुट्टी भर, मग जा.”

नाटकात सगुणाची आई मेलेली नव्हती. आजारी होती. त्यामुळे ते वाक्य कुठून आलं हे तिथं फक्त तिघींना कळलं. मालनच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे नुसती बघत होती, एसटीत बघितलं होतं तशीच, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. नटी म्हणून ती त्या क्षणी संपली होती. मी जिंकले होते.

“थांबा,” तानूबाई म्हणाल्या.

काठी टेकत त्या पुढे आल्या. सर गडबडले. मी खालच्या आवाजात त्यांना म्हणाले, की सर, आपल्या नियमात सासू बदलत नाही, फक्त सगुणा बदलते. तानूबाईंना ते ऐकू गेलं.

“का? सासूला अक्कल येत न्हाई व्हय?” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तू सर बाजूला.”

नियमानं मला पटल्याशिवाय सरायचं नव्हतं. मी सरले.

तानूबाई रेघेवर उभ्या राहिल्या. “आता इचार,” त्या सुनेला म्हणाल्या.

मालन कशीबशी म्हणाली, “आत्ती, जाऊ?”

तानूबाईंनी काठी टाकून दिली, गुडघ्यावर हात रोवून खाली बसल्या, बुट्टी मांडीशी ओढली आणि त्यातली कांडी उचलली. समोर सूत नव्हतं, मशीन नव्हतं. पण त्यांची बोटं चालायला लागली, बरोबर चालायला लागली, आणि मान वर न करता त्या म्हणाल्या, “जा. मी भरतो.”

मालननं रेघ ओलांडली. सगळ्यांना वाटलं, ती आता वळून परत येईल आणि खेळ संपेल. ती वळली नाही. बसलेल्या बायकांमधून वाट काढत गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि कारखान्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. इकडं तानूबाई कांड्या भरत होत्या. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्या खेळाची पुढं गोष्ट झाली. सर ती शिबिरांतून सांगायचे. माझे दोन्ही हात धरून ते त्या दिवशी म्हणाले होते, की इंदू, आज तू अशी सासू केलीस की खरी सासू जागची उठली. नव्या पोरी मला विचारायच्या, ताई, ते वाक्य तुम्हाला ऐन वेळी सुचलं कसं? मी म्हणायचे, सुचलं. त्या कौतुकानं माझ्याकडे बघायच्या. माझ्या साऱ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही कामाचं एवढं नाव झालं नाही.

मालन पुढच्याच महिन्यात दौऱ्यावर गेली. सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. मग तिनं स्वतःचं पथक काढलं. मराठवाड्यात, कोकणात, कुठंकुठं तिच्या हाताखाली बायका तयार झाल्या. दिवाळीला न चुकता फराळ घेऊन यायची आणि मला वाकून नमस्कार करायची. त्या वाक्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी आणखी दोन वर्षं सासू केली आणि गुडघ्यांचं कारण सांगून काम सोडलं. गुडघे चांगले होते.

गेल्या वर्षी तानूबाई गेल्या. नव्वदीच्या पुढं होत्या. मी चौथ्या दिवशी भेटायला गेले. त्या गल्लीत तीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. मालनचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा आला होता. घरात बरीच माणसं होती म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात बसलो, ती आतल्या बाजूला, मी उंबऱ्यावर.

ती सांगत होती. बीडला तिचा खेळ होता. सासूची लक्षणं काही बरी नव्हती, म्हणून ती जायचं टाळत होती. तर म्हातारीनंच तिला हाकललं. तिथं बायका येऊन बसल्या असतील, म्हणाली, जा. खेळ करून परत येईपर्यंत म्हातारीचं काही खरं नव्हतं.

“मला म्हनली, मी कुठं पळून जात न्हाई,” मालन म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला. “तशी थांबली बरं का. मी आलो, हातानं पानी पाजलं, मग गेली.”

मालननं चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

“ताई, एक इचारू? त्या दिवशी तुम्हाला पटलं हुतं न्हवं?”

“कधी?” मी म्हणाले, पण मला ठाऊक होतं.

“मी तेलाचं बोललो तवा. तुमचा डावा पाय सरकला हुता. रांगोळी फिसकटली हुती. मी बघितलं. मग तुम्ही पाय मागं घेतला.”

म्हणजे तिनं तीस वर्षं मला त्या वाक्यासाठी दोषी धरलंच नव्हतं. वाक्य तिचं होतं, ते मी चोरलं, तेही तिनं सोडून दिलं होतं. तिच्याजवळ फक्त एवढंच उरलं होतं, बोटभर फिसकटलेली रांगोळी. दर दिवाळीला ती फराळाचा डबा घेऊन आली होती आणि हे विचारायचं राहून गेलं होतं. मी तिला मत्सराचं सांगू शकले असते. पत्राचं, पेपरातल्या कोपराचं, मनात भरलेल्या बॅगेचं. ते तिनं विचारलंच नव्हतं.

“पटलं होतं,” मी म्हणाले. “पहिल्याच वाक्याला पटलं होतं. तरी मी सरले नाही.”

मालननं मान हलवली. उत्तर बरोबर आलं की शिक्षक हलवतो, तेवढीच. बाहेरच्या खोलीत कुणीतरी नवीन माणसं आली होती आणि तिला हाक मारत होती. ती गुडघ्यावर हात रोवून उठली, अगदी तानूबाई बसल्या होत्या तशा कष्टानं, आणि मी उंबऱ्यात वाट अडवून बसले आहे हे तिच्या लक्षात आलं.

“सरा जरा, ताई,” ती म्हणाली. “जाऊन येतो.”

मी सरले.